जीएनएमनंतर घरबसल्या एम.एस्सी. नर्सिंग आणि एमबीए एकदमच: असा ‘ब्रिज कोर्स’ खरंच असतो का?

खानापूरची सिस्टर

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली. नऊ वर्षं बेळगावात एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत आहे, त्यातली तीन इन्चार्ज म्हणून. शिक्षण जीएनएम (नर्सिंग-मिडवाइफरीचा डिप्लोमा), रजिस्ट्रेशन कर्नाटकचं.

आमच्याकडे आठ खाटा आणि चौदा सिस्टर, त्यातल्या दोघी बाळंतपणाच्या रजेवर. मागच्या महिन्यात एका नाइटला मी एका टोकाला इंट्युबेशनला, म्हणजे पेशंटच्या श्वासनलिकेत नळी घालताना, उभी होते. माझी ज्युनिअर दुसऱ्या पेशंटचं सक्शन करत होती, आणि मधल्या खाटेवर नॉरअॅड्रेनलिनची (रक्तदाब टिकवणाऱ्या औषधाची) सिरिंज संपत आल्याचा अलार्म वाजत होता. हात रिकामा कुणाचाच नव्हता. वेळेत पोचलो, पेशंट वाचला. पुढच्या मीटिंगमध्ये मी आणखी सिस्टर मागितल्या, तर अकाउंट्सवाल्यांनी विचारलं, एका सिस्टरचा वर्षाचा खर्च किती आणि तो कुठून काढायचा? मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन रडले. तेव्हाच ठरवलं की आता शिकायचं, नर्सिंगचंही आणि व्यवस्थापनाचंही.

तेवढ्यात एका एजन्सीचा फोन आला. परदेशी युनिव्हर्सिटीचा ‘ब्रिज कोर्स’, अठरा महिने, एम.एस्सी. नर्सिंग आणि एमबीए दोन्ही, परीक्षा मोबाइलवर, सव्वा लाख रुपये, हप्त्यानं चालतील. शनिवारपर्यंत दहा हजार भरायचे आहेत. मुलगी चौथीत आहे, नोकरी सोडणं जमणार नाही. कुणाला माहिती असेल तर कृपया सांगा.

जुनी ट्यूटर, टिळकवाडी

बाई, आधी ते दहा हजार भरू नकोस. बाकीचं नंतर बोलू.

आपल्याकडे नर्सिंगची पदवी ऑनलाइन देता येत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२० च्या नियमांत ऑनलाइन आणि दूरशिक्षणातून जे विषय वगळले आहेत, त्यांत मेडिकल, डेंटल, फार्मसी यांच्याबरोबर नर्सिंग आहे. मोबाइलवर केलेली एम.एस्सी. नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदवायला गेलीस की कागद परत हातात. मग तो ना ट्यूटरच्या नोकरीला उपयोगी, ना बढतीला.

दुसरं, आणि हे आपल्या मुलींना कुणी नीट सांगतच नाही. जीएनएम हा डिप्लोमा आहे, पदवी नव्हे. एम.एस्सी. असो की एमबीए, दोन्हीच्या दारात आधी पदवी मागतात. तुझा खरा ‘ब्रिज’ म्हणजे पोस्ट बेसिक बी.एस्सी., जीएनएमवाल्यांसाठीची नर्सिंगची पदवी. कॉलेजात जाऊन दोन वर्षं. नोकरीतल्यांसाठी इग्नू या मुक्त विद्यापीठाचं पोस्ट बेसिक आहे, कमीत कमी तीन वर्षांचं; पण दूरशिक्षणाचे नियम वर सांगितले तसे, म्हणून यंदा त्याचे प्रवेश चालू आहेत का ते आधी विचार. त्याला प्रवेश परीक्षा असते, आणि रजिस्ट्रेशननंतरचा अनुभव लागतो, तो तुझ्याकडे भरपूर आहे. तिथेही प्रॅक्टिकलची हजेरी चुकत नाही, तेव्हा रजा आतापासून साठव. पुढे एम.एस्सी.ला पदवीत ५५ टक्के आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. पोस्ट बेसिकवाल्यांना तो पदवीच्या आधीचाही चालतो, म्हणजे तुझं एक वर्ष वाचलं.

तुला जे शिकायचंय त्याची सुरुवात इथेच होते. पोस्ट बेसिकला नर्सिंग अॅडमिनिस्ट्रेशन आहे, एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला नर्सिंग मॅनेजमेंटचा अख्खा पेपर आहे. माझ्या कितीतरी विद्यार्थिनींनी तो नुसता पाठ केला. तू पाठ करणार नाहीस, कारण तुझ्या कानात तो अलार्म आहे.

निपाणीचा ब्रदर

ताई, ट्यूटर मॅडमचं बरोबर आहे. मी दुसऱ्या वाटेनं गेलो, तेही सांगतो. जीएनएमनंतर बी.ए. केलं आणि त्यावर ऑनलाइन एमबीए. आता कोल्हापुरात एका हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन्स बघतो. काम आवडतं. पण त्या बी.ए.वर मला एम.एस्सी. नर्सिंगला कुणी घेणार नाही, ते दार माझ्यापुरतं बंद झालं. तुम्हाला दोन्ही हवं असेल तर माझी वाट धरू नका.

आपण सीमेवर राहतो म्हणून दोन गोष्टी. दूरशिक्षणात राज्याच्या विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर केंद्र चालवता येत नाही. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं केंद्र निपाणीत मिळालं तर नीट चौकशी करा. ऑनलाइन एमबीएला ही हद्द नाही, फक्त विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या डीईबीच्या (दूरशिक्षण विभागाच्या) यादीत त्या वर्षासाठी आहे का ते बघा. प्रवेशाआधी डीईबी आयडी काढावा लागतो. एजन्सीवाला त्याबद्दल बोलतच नसेल तर तिथंच समजा. आणि पुढे कोल्हापूर-सांगलीकडे यायचं झालं तर कर्नाटक कौन्सिलची एनओसी घेऊन महाराष्ट्रात नोंदणी करावी लागते. हे काम नोकरी शोधायच्या आधी सुरू करा.

२०२२ पासून यूजीसीनं एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे, एक कॉलेजात आणि एक ऑनलाइन चालते. पण व्यावसायिक कौन्सिलचे नियम त्याच्यावर आहेतच.

चिकोडी ते टेक्सास

‘ब्रिज’ हा शब्द इकडचा आहे, म्हणून लिहिते. इथे अमेरिकेत असोसिएट डिग्रीवर (दोन वर्षांच्या पदवीवर) आरएन, म्हणजे नोंदणीकृत नर्स, झालेल्याला मधले विषय भरून थेट एमएसएनला (इकडची एम.एस्सी. नर्सिंग) जाता येतं, त्याला ब्रिज म्हणतात. एमएसएन आणि एमबीए जोडूनही करता येतं, काही विषय दोन्हीकडे धरले जातात. बराचसा अभ्यास ऑनलाइन असतो, पण प्रॅक्टिकल खऱ्या हॉस्पिटलात, प्रिसेप्टर म्हणजे शिकवणाऱ्या अनुभवी नर्सच्या हाताखाली. आणि बहुतेक ठिकाणी आधी अमेरिकेचं आरएन लायसन्स मागतात, म्हणजे एनक्लेक्स ही लायसन्सची परीक्षा पास. नर्सिंगच्या कोर्सला सीसीएनई किंवा एसीईएन या मान्यता देणाऱ्या संस्थांची मान्यता आहे का ते सगळे पहिल्यांदा बघतात. बेळगावात बसून, लायसन्स नसताना, अठरा महिन्यांत दोन्ही पदव्या देतो म्हणणारा काय विकतोय ते मला कळत नाही.

सिस्टर, तुमचा हिशेब मात्र मी आजच मांडून देते. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या मापानं आयसीयूत खाटेमागे एक सिस्टर. आठ खाटा, तीन शिफ्ट, म्हणजे दिवसाला २४. रजा-सुट्टीसाठी ३० टक्के धरले की ३१. तुमच्याकडे प्रत्यक्षात १२. हा आकडा पहिल्या ओळीत लिहा. त्याखाली सहा महिन्यांचा ओव्हरटाइम, सोडून गेलेल्या सिस्टरांची संख्या आणि नवी सिस्टर एकटी खाट सांभाळेपर्यंत गेलेले आठवडे, त्या आठवड्यांचा पगार. अकाउंट्सला समजेल अशी भाषा हीच.

खानापूरची सिस्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. एजन्सीला नाही म्हणून कळवलं.

मॅडम, इग्नूचे प्रवेश चालू असतील तर तेच करते. जीएनएमच्या मार्कलिस्टा खानापूरला आईच्या ट्रंकेत आहेत, रविवारी ऑफ आहे तेव्हा घेऊन येते. ओव्हरटाइमचं रजिस्टर आज ड्यूटी संपल्यावर काढून बसले होते. मार्चपर्यंतचं उतरवून झालं. चार सिस्टर सोडून गेल्या, त्यातल्या तिघी पहिल्या वर्षातच. प्रवेश परीक्षेसाठी कुठून वाचायला सुरुवात करू?

जुनी ट्यूटर, टिळकवाडी

तुझ्या जीएनएमच्या पुस्तकांपासूनच. फंडामेंटल्स आणि मेडिकल-सर्जिकल आधी काढ. मार्कलिस्टा मिळाल्या की घरी ये, फॉर्म आपण दोघी मिळून भरू.