सीएसटी नंबर विचारला म्हणजे अविश्वास दाखवला?

हेवर्डकर
काल इथे एका एजंटांनी लिहिलं, "घरून तिकिटं काढून देणाऱ्या आपल्याच माणसाला सीएसटी नंबर काय मागता? ती शंभर डॉलरची सरकारी वसुली आहे. ओळख हीच हमी." सीएसटी नंबर म्हणजे कॅलिफोर्नियात प्रवास विकणाऱ्याचा (सेलर ऑफ ट्रॅव्हल) सरकारी नोंदणी क्रमांक. उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

शंभर डॉलर ही धंद्याच्या दर ठिकाणामागची वार्षिक नोंदणी फी. उशीर झाला तर रोजचे ५ डॉलर, कमाल ५००. पण फी हा कायद्याचा गाभाच नाही. कॅलिफोर्नियात प्रवास विकणाऱ्याने गिऱ्हाइकाचे पैसे ट्रस्ट खात्यात, म्हणजे स्वतःच्या पैशांपासून वेगळे, ठेवायचे, नाहीतर पुरेसा बाँड, म्हणजे पैसे बुडाले तर भरपाईची हमी, द्यायचा. चारधामच्या ग्रुपचा ॲडव्हान्स घ्यायचा, त्यातून दुसऱ्यांची दिवाळीची तिकिटं काढायची, आणि दिवाळीवाल्यांच्या पैशातून चारधामची हॉटेलं भागवायची, हा खेळ तिथे चालत नाही. एक ग्रुप रद्द झाला की या फिरवाफिरवीत सगळेच बुडतात.

टँपाकर
नंबरचं एवढं कौतुक नको. नोंदणी म्हणजे राज्याची मान्यता नव्हे, हे कॅलिफोर्नियाच स्पष्ट सांगतं. आमच्या फ्लोरिडात कृषी व ग्राहक सेवा खात्याकडे वर्षाला ३०० डॉलर भरायचे, आणि बाँड २५,००० पर्यंतचा. तीस जणांचा ग्रुप, माणशी ३,५०० धरा. लाखाच्या वर गेलं. पंचवीस हजारांत कोणाकोणाचे अश्रू पुसणार? शिवाय कायदा कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, वॉशिंग्टन, हवाई अशा मोजक्या राज्यांत. न्यूजर्सीचे एजंट काय सगळे लबाड?

हेवर्डकर
लबाड कोणी म्हटलं? शब्द माझ्या तोंडी घालू नका. न्यूजर्सीत बसून कॅलिफोर्नियातल्या माणसाला विकलं तरी इथली नोंदणी लागते. मात्र नुकसानभरपाईचा फंड आहे, माणशी कमाल १५,००० डॉलर, तो विक्रेता इथला असेल आणि घेणाराही खरेदीच्या वेळी इथे असेल तरच. बाहेरच्या विक्रेत्याला नंबर मिळतो, फंड नाही. बाँड तोकडा पडतो हे मान्य. म्हणून तोही नको, हे कुठलं शहाणपण?

घरून_तिकिटं
कालची पोस्ट माझीच. मी होस्ट एजन्सीच्या, म्हणजे स्वतंत्र एजंट जिच्यामार्फत विकतात अशा मोठ्या एजन्सीच्या, हाताखाली काम करतो. स्वतंत्र एजंटला कायद्यानेच सूट आहे. अर्धवट वाचून लोकांना घाबरवू नका.

सिएटलवासी
सूट आहे, अटीही आहेत. होस्टशी लेखी करार हवा, होस्ट स्वतः नोंदलेला हवा, आणि गिऱ्हाइकाचा पैसा थेट होस्टकडे किंवा एअरलाइनकडे जायला हवा. फ्लोरिडात वर दरवर्षी प्रतिज्ञापत्र. "माझ्या नावावर झेल (Zelle, थेट बँक खात्यातून पैसे) करा, कार्डाला तीन टक्के जादा पडतील" म्हटलं की सूट संपली. होस्टचा नंबर आपल्या व्हिजिटिंग कार्डावर छापून पैसा स्वतःच्या खात्यात घेणारे कितीतरी आहेत.

आणि नोंदणीपेक्षा रोजचा घोळ वेगळाच आहे. एजंट पीएनआर पाठवतो, लोक निर्धास्त होतात. पीएनआर म्हणजे फक्त जागा धरलेली. मुदतीत तिकीट निघालं नाही तर ती आपोआप सुटते. तेरा आकडी ई-तिकीट नंबर मागा. पहिले तीन आकडे एअरलाइनचे: एअर इंडिया ०९८, एमिरेट्स १७६, कतार १५७, युनायटेड ०१६. एअरलाइनच्या साइटवर सीट निवडता आली म्हणजे तिकीट निघालं, असंही समजू नका.

घरून_तिकिटं
भाडं उतरेल म्हणून आम्ही दोन दिवस थांबतो, ते गिऱ्हाइकाच्याच फायद्यासाठी!

टँपाकर
मग तसं सांगून थांबा. पूर्ण पैसे घ्यायचे आणि हातात नुसता पीएनआर ठेवायचा, याला फायदा म्हणत नाहीत. इथे मी सिएटलवासींच्या बाजूने.

घरून_तिकिटं
ठीक आहे, तिकीट नंबर लगेच द्यायला हवा, एवढं मान्य. पण १,४०० च्या तिकिटावर कार्डाचे ४२ डॉलर जातात. तेवढं कमिशन तरी सुटतं का? तुम्ही भरणार?

सिएटलवासी
कोणीच भरायला नको. प्रकाशित भाड्याचं, म्हणजे एअरलाइनने जाहीर केलेल्या दराचं, तिकीट होस्टच्या एआरसीतून (एजन्सी आणि एअरलाइन यांच्यातला तिकिटांचा हिशेब चालवणारी संस्था) काढा, गिऱ्हाइकाचं कार्ड थेट एअरलाइनला लागतं. स्टेटमेंटवर नाव एअरलाइनचं, कार्डाचा खर्चही तिचाच. विमान रद्द झालं तर परतावाही तिच्याकडूनच मागायचा. तुमची अडचण कन्सॉलिडेटरच्या, म्हणजे तिकिटांच्या घाऊक विक्रेत्याच्या, नेट (घाऊक) भाड्याची आहे. त्यात तुमचा मार्जिन वर चढवलेला असतो, म्हणून पैसे तुमच्या हातातून जातात.

घरून_तिकिटं
नेट भाडं दीडशे-दोनशेने स्वस्त पडतं, म्हणून लोकच ते मागतात.

हेवर्डकर
मागू देत. त्या स्वस्ताईत कार्डाचं संरक्षण, म्हणजे कार्ड कंपनीकडे तक्रार करून पैसे परत मागण्याची सोय, जातं, हे पैसे घेण्याआधी लिहून द्या. कॅलिफोर्नियात एकूण किंमत, रद्द करण्याच्या अटी आणि पैसे ट्रस्टमध्ये आहेत की बाँडवर, हे तसंही लेखी द्यावंच लागतं. तुमच्या पावतीवर यातलं काय काय असतं?