फौजेत असताना दारू सोडली किंवा कमी केली : आपले अनुभव लिहावेत

परवा फौजी कॅन्टीनमध्ये साबण-तेल घ्यायला गेलो असताना काउंटरवरच्या मुलाने कार्ड मशीनला लावले आणि विचारले, "काका, दारूचा महिन्याचा कोटा तसाच पडून आहे, बाटल्या काढू का?" मी नको म्हणालो, पण घरी पोहोचेपर्यंत 2001 सालचा कुपवाड्यातला हिवाळा डोळ्यांसमोरून हलला नाही. तेव्हा मी हवालदार होतो आणि संध्याकाळचा रोल कॉल झाला की स्टीलच्या मगात रम व वर गरम पाणी हा आमचा नेम होता. रमने थंडी पळते असे आम्ही मनापासून मानत होतो. प्रत्यक्षात कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावल्याने ऊब वाटते आणि शरीरातली उष्णता बाहेर निघून जाते, हे पुढे डॉक्टरसाहेबांनी समजावले.

एका सकाळी रायफल साफ करताना बोल्ट माझ्या हातातून दोनदा निसटला. शेजारच्या जवानाने तो उचलला आणि माझ्या हातात न देता स्वतःच बसवला. एक शब्दही बोलला नाही. त्याच दिवशी मी एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात गेलो. दारूपेक्षा त्या मगांभोवतीची बैठक सोडणे मला जड गेले, कारण घरच्या गोष्टी आम्ही तेवढ्याच अर्ध्या तासात बोलत असू. आमच्या सुभेदारसाहेबांनी हे ओळखले आणि हातात काळा चहा देऊन मला त्याच घोळक्यात बसवले. ज्यांनी सेवेत असताना सोडली, त्यांनी जरूर लिहावे.

निवृत्त नर्सिंग असिस्टंट
दादा, तुम्ही स्वतःहून गेलात याचे मोल मला माहीत आहे, कारण मनोविकार वॉर्डात मी पाहिलेले बहुतेक जण धरून आणलेले असत. एक गोष्ट कळकळीने सांगतो, रोज भरपूर पिणाऱ्याने आपल्या मनाने एकदम बंद करू नये. आधी हात थरथरतात, घाम सुटतो, काहींना फिट येते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस भ्रमात जाऊन जिवावर बेतू शकते. सुट्टीवर निघालेला एक जवान दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासात दारूशिवाय राहिला आणि आमच्याकडे स्ट्रेचरवरून आला. रात्रभर तो चादरीवरच्या न दिसणाऱ्या मुंग्या वेचत होता. बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शने आणि झोपेची औषधे देऊन त्याला सावरले. मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तंदुरुस्तीची श्रेणी, खाली जाईल या धास्तीने मुले लपवतात. ती जाते हे खरे, पण ठरावीक मुदतीने फेरतपासणी होते आणि युनिटचा अहवाल चांगला आला तर ती पुन्हा वरही येते.

माणची सून
आमच्या यांनी याच धास्तीने चार वर्षे लपवले. साठ दिवसांच्या सुट्टीवर आले की पहिले आठ दिवस गावातले लोकच ट्रंकेभोवती फिरत, कारण मिलिटरीची बाटली सगळ्यांना हवी असे. शेवटी मी पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राविषयी वाचले आणि यांना तिथे घेऊन गेले. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 साली सुरू केलेल्या त्या केंद्रात माझ्याशीही कोणी वेगळे बसून बोलेल, असे मला वाटले नव्हते. घरी आल्यावर यांना गोडाची फार इच्छा होई. चहात चार चमचे साखर घालत आणि रात्री उठून गूळ खात. मी गुळाचा डबा मुद्दाम खालच्या फळीवर ठेवत असे.

सिग्नलवाला
वहिनी, तो डबा वाचून डोळे भरून आले.

अजून सेवेत
मी पूर्णपणे सोडलेली नाही, शनिवारी दोन पेगांवर आणली आहे. बडा खान्याला, म्हणजे युनिटच्या एकत्र जेवणाला, मी आधीच लिंबूपाणी हातात घेतो. भरलेला ग्लास दिसला की कोणी आग्रह करत नाही. येत्या महिन्यात मेहुणीचे लग्न आहे आणि सासरकडून सहा बाटल्यांची मागणी आली आहे. नाही कसे म्हणावे, हे कोणी सांगेल का?

निवृत्त नर्सिंग असिस्टंट
कोटा आपल्या स्वतःच्या वापरासाठी असतो, असे स्पष्ट सांगावे. शिवाय सैन्य अधिनियम 1950 च्या कलम 48 नुसार नशेत सापडणे हा ड्यूटीवर नसतानाही गुन्हा आहे, आणि सुट्टीवरचा जवानही याच कायद्याखाली येतो, हेही सासरी समजू द्या. दोन पेगांचा हिशेब चुकू लागला, तर मात्र एमआय रूमला जायला उशीर करू नका.

माणची सून
दादा, बोल्ट बसवणारा तो जवान आता कुठे असतो?

धागाकर्ता
ताई, तो तासगावकडे द्राक्षबाग करतो. तुमचा प्रश्न वाचून काल त्याला फोन केला, तेव्हा त्याची छाटणी चालली होती. बोल्टची गोष्ट त्याला मुळीच आठवत नाही. सुभेदारसाहेबांचा चहा मात्र आठवतो, आणि त्यात लवंग असायची, असे तो म्हणाला.