शिसम किंवा सागवानाआधी शिवण पाहावे

जुन्या वाड्याच्या चौकटीतले सागवान इलेक्ट्रिक गिटारच्या बॉडीसाठी वापरावे की नवे शिसम घ्यावे, असा आपला प्रश्न आहे. इंदूरमध्ये राहणाऱ्याने या दोन्हींआधी शिवणीचे लाकूड पाहावे, असे मला मनापासून वाटते. इकडच्या वखारीत ते ‘खमेर’ म्हणून मागावे. सुमारे ४५ मिलिमीटर जाडीच्या बॉडीत, खाचा कोरल्यानंतरही, साधारण साडेचार ते पाच लिटर लाकूड उरते. शिसम लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरत असल्याने नुसती बॉडीच साडेतीन किलोंकडे जाते, आणि तासभर उभ्याने वाजवणाऱ्याच्या खांद्याला तो भार जाणवतोच. शिवणीची बॉडी मात्र सव्वादोन किलोंच्या आसपास राहते, म्हणजे फेंडर या गिटार कंपनीने वापरलेल्या ॲल्डर लाकडाच्या बॉडीच्या जवळपास. तूणही हलके असते, महोगनीच्याच कुळातले आहे आणि सतारीसाठी पूर्वापार वापरले जाते.

आवाजाची फार चिंता करू नये, कारण पिकअप, म्हणजे तारांखाली बसवलेले चुंबक-वेटोळे, लोखंडी तारेचे कंपन चुंबकीय क्षेत्रातून टिपते. खरी काळजी लाकडाच्या वाळण्याची घ्यावी. माळव्यातल्या पावसाळ्यात उघड्यावर पडलेली फळी लगेच कापली, तर पुढच्या उन्हाळ्यात ती आकसते आणि जोडलेल्या फळ्यांचा सांधा उकलू शकतो. म्हणून फळी घरात, हवा खेळेल अशी ठेवून दर आठवड्याला तोलावी आणि वजन उतरायचे थांबल्यावरच करवत लावावी.

चौकटीचे सागवानच वापरायचे ठरले, तर आधी खिळे शोधून काढावेत आणि लाकडातल्या तेलामुळे सांधा कच्चा राहू नये म्हणून ताजा रंधा मारून लगेच सरस लावावा.