मदत हवी आहे: 'घ' आणि 'ध'चा घोळ कसा सोडवू?

नमस्कार मंडळी, लेक साडेचार वर्षांची आहे. पेन्सिल हातात दिली की पळते, म्हणून ताटात रवा पसरून बोटाने अक्षरं गिरवतो. खडूने काढलेल्या मोठ्या अक्षरावर चिंचोके मांडणं तिला फार आवडतं. कणकेच्या वळ्यांचा 'ग' तर डोळे मिटून, चाचपून ओळखते! (रव्याला मुंग्या लागतात, तो भाग वेगळा.)

'ग म भ न' या क्रमाने सुरुवात केली होती. पण सारखी वळणं पाठोपाठ आल्याने 'म' आणि 'भ' एकच वाटतात. 'घ'-'ध'चंही तेच. फरक शिरोरेषेतल्या फटीचा आणि गाठीचा, पण रव्यात ती फट बुजून जाते आणि चिंचोक्यांत तर दिसतच नाही.

आता माँटेसरी पद्धतीची खरखरीत अक्षरं घरीच करायचा विचार आहे; पुठ्ठ्यावर पॉलिश पेपर कापून चिकटवायचा, दोन बोटांनी गिरवायचं. लहान बोटांना टोचणार नाही असा किती नंबरचा पेपर घ्यावा? शिरोरेषा वेगळ्या पोताची, म्हणजे सुतळीची वगैरे, केली तर उपयोग होईल की आणखी गोंधळ? आणि सारखी दिसणारी अक्षरं जोडीने शिकवावीत, की मध्ये काही आठवडे जाऊ द्यावेत? बालवाडीच्या ताईंनी जरूर सांगावं.