‘शेतमजूर’, ‘गडी’ की ‘गुलाम’?

प्रश्न : जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या व्हर्जिनियातील माउंट व्हर्नन या जमीनदारीवरील शेतीकामाविषयीचा मजकूर मी मराठीत आणतो आहे. त्यातील ‘हँड्स’ या शब्दासाठी ‘शेतमजूर’ योग्य ठरेल का?

उत्तर : सरसकट नाही. ‘शेतमजूर’ या शब्दाच्या पोटातच मजुरी आहे. माउंट व्हर्ननच्या पाच शेतांवर आठवड्याचे सहा दिवस सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबणाऱ्यांना मजुरी नव्हती. मक्याचे पीठ, खारवलेले मासे आणि ठरावीक कपडे एवढेच मिळत असे. गव्हाच्या कापणीपुरते रोजाने लावलेले गोरे कापणीवाले मात्र खरोखरच मजूर होते, म्हणून तो शब्द त्यांच्यासाठी राखून ठेवावा.

‘सालगडी’ कानाला जवळचा वाटतो. पण सालगड्याचे साल पाडव्याला ठरते आणि ते संपल्यावर तो निदान तत्त्वतः तरी दुसरा मालक धरू शकतो (उचल अंगावर असलेल्याला ते कितपत जमते, हे आपण जाणतोच). शिवाय ‘गडी’ म्हटले की डोळ्यांसमोर पुरुष उभा राहतो, आणि इथेच हा शब्द सर्वांत जास्त फसवतो, कारण तिथे शेतात राबणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि खुरपणी-कापणीबरोबरच नांगरणी, खत पसरणे, कुंपण घालणे ही कामेही त्याच करीत. पेशवाईतील ‘कुणबीण’ आणि ‘बटीक’ हे शब्द गुलाम स्त्रियांचेच असले, तरी त्यांतून घरकामाचे आणि इथल्या समाजरचनेचे चित्र उभे राहते. वेठबिगाराचे श्रम लुबाडले जातात, पण तो स्वतः मृत्युपत्रात वाटला जात नाही.

१७९९ मध्ये माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम होते. त्यांना ‘गुलाम’च म्हणावे, पहिल्या उल्लेखात ‘गुलामगिरीत ठेवलेली माणसे’ म्हटल्यास अधिक नेमके होईल. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील दास्यविमोचनासाठी झटणाऱ्यांना अर्पण केली, तेव्हापासून या शब्दाला तो संदर्भ मराठीत आहेच.

‘ओव्हरसियर’ला ‘मुकादम’ चपखल बसतो. त्यांतले काही मुकादम स्वतःच गुलाम होते, उदाहरणार्थ मडी होल शेतावरील डेव्ही ग्रे. तिथे ‘गुलाम मुकादम’ असे स्पष्ट लिहावे.

पूरक प्रश्न : आणि डोग रन शेतावरील सोळा बाजूंचे कोठार?

उत्तर : तिथे घोडे गव्हावरून गोल फिरवीत आणि दाणे फळ्यांच्या फटींतून खालच्या मजल्यावर पडत. त्यासाठी ‘मळणी’ आणि ‘खळे’ निःशंक वापरा; ‘पात’ (मळणीसाठी खळ्यावर फिरवलेली जनावरांची रांग) हा शब्दसुद्धा चालेल, फक्त ती घोड्यांची आहे हे सांगावे लागेल.