राजीनाम्यावर सही करण्याआधी

‘खासगी नोकरीत बेकारी भत्ता नसतोच’ असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर हक्क असू शकतो. ईएसआयच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत (२०१८ पासूनची) नोकरी गेल्यावर भत्ता मिळतो: सरासरी रोजच्या मजुरीच्या निम्मी रक्कम, फार तर ९० दिवस. तिची मुदत वेळोवेळी वाढवत नेतात, त्यामुळे अर्जाआधी ती चालू आहे ना एवढं बघा.

पण ईएसआयच्याच २००५ च्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचा विषय कुणीच काढत नाही. कारखाना बंद पडला किंवा कामगारकपात झाली तर तिच्यात २४ महिन्यांपर्यंत भत्ता आहे, पहिल्या वर्षी मजुरीच्या ५० टक्के, दुसऱ्या वर्षी २५, शिवाय त्या काळात दवाखान्याची सोयही. मोठीच मदत आहे ही! इथे नोकरी कशी गेली याला फार महत्त्व आहे. माझा भाचा चाकणला एका सुट्या भागांच्या कारखान्यात होता. कपातीच्या वेळी सगळ्यांपुढे राजीनाम्याचे छापील कागद ठेवले, ‘सही करा, हिशोब लवकर होईल’ म्हणून. बऱ्याच पोरांनी केली आणि कागदोपत्री ती स्वखुशीने सोडून गेलेली ठरली. भाच्याने कपातीचं पत्र लेखी मागून घेतलं, म्हणून त्याचा अर्ज उभा राहिला. हा प्रकार सर्रास चालतो आणि त्याचा मला संताप येतो. ज्यांच्याकडे असा कागद आलाय, त्यांनी सही न करता आधी ईएसआयच्या शाखा कार्यालयात जाऊन विचारावं.