औषध खरेदी: प्राधिकरण आलं, पासबुकाचं काय?

दोघातिघांचं म्हणणं आहे की २०२३ च्या कायद्यानं महाराष्ट्रात वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आलं, आता सरकारी दवाखान्यांतला औषधांचा तुटवडा मिटेल. मला हे पटत नाही. २०१७ मध्ये खरेदी हाफकिन या राज्य सरकारच्याच कंपनीकडे एकवटली तेव्हाही हीच आशा होती. एकगठ्ठा खरेदीत भाव उतरतो हे खरं, पण निविदा एकाच कक्षात तुंबल्या की राज्यभर एकदम खडखडाट होतो आणि पेशंटच्या हातात बाहेरून औषध आणायची चिठ्ठी पडते.

तमिळनाडूच्या सरकारी औषध खरेदी महामंडळाचं (स्थापना १९९४) नाव सगळेच घेतात. तिथली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे पासबुक. प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या नावे वर्षाची रक्कम पासबुकात जमा दाखवतात. दवाखाना आपल्या गरजेप्रमाणे जिल्ह्याच्या गोदामातून माल उचलतो आणि तेवढी रक्कम वजा होते. म्हणजे खरेदी राजधानीत, पण काय आणि किती हवं हे ठरवणार औषधं वाटणारा माणूस. शिवाय मालाचे नमुने कंपनीचं नाव झाकून, फक्त सांकेतिक क्रमांक घालून प्रयोगशाळेत जातात. कुणाचा माल तपासतोय हे तपासणाऱ्याला कळत नाही. तपासणीत पास झाल्याशिवाय माल दवाखान्यात जात नाही.

प्राधिकरणावर कोण अधिकारी बसवले याची चर्चा पुरे झाली. पुरवठादाराचं देयक किती दिवसांत चुकतं होतं आणि प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात आज कोणतं औषध शिल्लक आहे, हे लोकांना दिसेल असं जाहीर करा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.